तळघरातली ओल आणि आजींचा खोकला

न्यू जर्सीतील एडिसन येथून एका वाचक भगिनींनी पाठवलेले पत्र थोडक्यात असे:

"१९६४ साली बांधलेले हे घर आम्ही २०२२ च्या वसंतात घेतले. आधीच्या मालकांनी बेसमेंट नुकतेच नवे करून घेतले होते : ताजा रंग, कार्पेट, एक खोली आणि न्हाणीघर. सासू-सासरे मे महिन्यात चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आले आणि त्यांना स्वतंत्रपणे राहता यावे म्हणून आम्ही तीच खोली दिली. जूनपासून खाली कुबट वास येतो. कपाट सरकवले तर मागच्या भिंतीवर तळहाताएवढे काळे डाग दिसले. सासूबाईंना तीन आठवडे रात्रीचा खोकला आहे आणि त्या गावाहून आणलेले अँटिबायोटिक घेत आहेत. माझ्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे. तो गोष्टी ऐकत आजीजवळ झोपतो आणि हल्ली त्याचा पंप रोज लागतो. एका कंत्राटदाराने फुकट तपासणी करून 'ब्लॅक मोल्ड' असल्याचे सांगितले आणि काही हजार डॉलरांच्या करारावर आजच सही करा म्हणून आग्रह धरला. यजमान म्हणतात, ब्लीच मारू आणि रंग देऊ. सासूबाई म्हणतात, 'आमच्या घराच्या भिंती चार-चार महिने ओल्या असायच्या, आम्हांला काय झाले?' हे खरोखर धोक्याचे आहे का, आधी काय करावे, आणि सासूबाईंना न दुखावता हे कसे सांगावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. आज रात्रीपासून सासूबाई, सासरे आणि तुमचा मुलगा यांपैकी कोणीही तळघरात झोपू नये. साफसफाई, तपासणी, कंत्राटदार, विमा हे सगळे नंतर. बुरशी काढायला आठवडे लागतील, पण माणसे वर आणायला एक संध्याकाळ पुरते. वरची एक खोली यजमानांचे घरून काम करण्याचे ठिकाण आहे, असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. ती खोली मोकळी करावी लागेल. त्यांचे टेबल काही आठवडे शयनगृहाच्या कोपऱ्यात बसेल. ते तळघरात नेण्याचा विचार मात्र करू नये, कारण दिवसाचे आठ तास तिथे बसणे म्हणजे तीच हवा घेणे आहे.

आता दोन्ही आजाऱ्यांविषयी. मुलाला रोज पंप लागतो, हे तुमच्या पत्रातले मला सर्वांत जास्त खटकलेले वाक्य आहे. तात्पुरता आराम देणारा पंप आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही असे डॉक्टर समजतात. त्याच्या डॉक्टरांना उद्याच फोन करा आणि घरात ओल व बुरशी आहे हे स्वतःहून सांगा, कारण ते विचारतीलच असे नाही. रोजचे औषध सुरू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. बोलताना त्याला वाक्य पुरे करता येईनासे झाले, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता ९११ ला फोन करा.

सासूबाईंचे अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. बुरशीमुळे होणाऱ्या ॲलर्जीवर त्याचा काही उपयोग नाही, आणि खोकला थोडा कमी-जास्त झाला की औषधाने गुण येतो आहे असे वाटून खरे कारण तसेच मागे राहते. तीन आठवड्यांचा खोकला कोणत्याही वयात डॉक्टरांना दाखवण्यासारखाच असतो. त्यासोबत चढताना दम लागणे, संध्याकाळी कणकण किंवा वजन उतरणे असेल, तर 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' नावाचा विकार तपासून पाहायला हवा. यात बुरशीचे बीजाणू आणि कण पुन्हा पुन्हा श्वासात गेल्याने फुफ्फुसाच्या ऊतींनाच सूज येते, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर त्या कायमच्या कडक होऊ शकतात. हे अमेरिकेतल्या लोकांचे नाजूकपण आहे असे सासूबाईंना वाटत असेल, तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. फुफ्फुसाच्या ऊतींचे आजार झालेल्या १,०८४ भारतीय रुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या ४७ टक्के रुग्णांना हाच विकार असल्याचे आढळले, आणि अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा हवेच्या कूलरशी संबंध आला होता. सतत ओल्या राहणाऱ्या कूलरच्या जाळ्यांत बुरशी सहज धरते.

एक सोपे निरीक्षण मात्र तुम्ही आजपासूनच करू शकता. साधी वही घ्या, आणि कोण कुठे झोपले, रात्री किती वेळा खोकला आला, पंप किती वेळा लागला, एवढेच रोज लिहा. वर झोपायला लागल्यावर दहा-बारा दिवसांत फरक पडला, तर ती वही डॉक्टरांना बरेच काही सांगेल. फरक पडला नाही, तरी सांगेल.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे, नाहीतर सून आपल्याला अडाणी समजते असे त्यांना वाटेल. कोकणातल्या जुन्या घराच्या भिंती जांभ्याच्या असत आणि जमीन शेणाने सारवलेली असे. वर कौले असत आणि कौलांच्या फटींतून अहोरात्र हवा खेळत असे. बुरशीला वाढायला पाण्याबरोबर खाद्यही लागते. जांभ्या दगडात तिला खायला फारसे काही नसते. शिवाय ती ओल पाहुणी असे : आषाढ-श्रावणात यायची आणि नवरात्र-दिवाळीच्या उन्हात घर पुन्हा खडखडीत वाळायचे, गोधड्या अंगणात पडायच्या. तुमच्या तळघरात यांतले काहीच नाही. ड्रायवॉल म्हणजे दोन्ही बाजूंनी जाड कागद चिकटवलेला जिप्समचा पत्रा, आणि तो कागद बुरशीचे आवडते खाद्य. त्याच्या मागे लाकडी पट्ट्या, खाली कार्पेट आणि त्याखालचा स्पंजासारखा थर, असे सगळे बंद पेटीत भरलेले आहे. तिथे ऊन कधीच येत नाही, त्यामुळे दिवाळीही येत नाही. आणि खरे सांगायचे तर गावाकडेही पावसाळ्यात दमेकऱ्यांचे हाल होतच होते. आपण फक्त 'हवा सोसत नाही' म्हणून मोकळे होत होतो.

धोक्याचे प्रमाण किती, हे वाढवूनही सांगायला नको आणि दडवायलाही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचे बळावणे यांचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर ही वाढ साधारण ३० ते ५० टक्के दिसते. धडधाकट माणसाला कदाचित नुसते नाक चोंदण्यापलीकडे काही होणार नाही, परंतु तुमच्या घरात दमा असलेले मूल आणि ज्येष्ठ माणसे आहेत, म्हणून मी इतके आग्रहाने लिहीत आहे.

'ब्लॅक मोल्ड' या शब्दाने मात्र घाबरून जाऊ नका. बुरशीच्या रंगावरून ती किती घातक आहे हे ठरत नाही; काळ्या रंगाच्या बुरशा अनेक आहेत आणि हिरवट किंवा पांढरी बुरशीही दमा बळावू शकते. या शब्दाची भीती पसरली ती १९९० च्या दशकात, क्लीव्हलंडमधील तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांतील रक्तस्रावाशी 'स्टॅकिबोट्रिस' या काळ्या बुरशीचा संबंध जोडला गेल्यानंतर. पुढे २००० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) त्या तपासाची फेरतपासणी केली आणि तो संबंध सिद्ध झालेला नाही असे जाहीर केले. याच कारणाने हवेचे नमुने घेऊन बुरशीची जात शोधण्यावर पैसे घालवू नका. बुरशी कोणतीही असली तरी काढावीच लागते, आणि हवेत तिचे प्रमाण किती असावे याची संघराज्य पातळीवर कोणतीही मर्यादा ठरलेली नाही, त्यामुळे आलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा हाच प्रश्न उरतो.

तो पैसा पाण्याचा शोध घेण्यावर घाला. यजमानांचा ब्लीच आणि रंगाचा बेत म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ब्लीचमध्ये बहुतांश पाणीच असते आणि ड्रायवॉलच्या कागदात ते मुरते. वरचा डाग फिका पडतो आणि आतली बुरशी तशीच राहते. मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी करतातच. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थासुद्धा बुरशी काढण्यासाठी ब्लीचचा सरसकट वापर करण्याची शिफारस करत नाही. बुरशीवर दिलेला रंग बहुधा पापुद्रे धरतो. आणि ब्लीच कधीही अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर वापरू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो.

पाणी कुठे मुरते आहे ते कसे पाहायचे? माझा व्यवसाय घरांच्या दुरुस्तीचा असल्यामुळे अशा तळघरात गेल्यावर मी भिंतीकडे नंतर बघते. आधी कोपऱ्यातले कार्पेट पकडीने धरून वीतभर उचलते. भिंतीलगत कार्पेट ताणून धरण्यासाठी लाकडाची एक चिंचोळी पट्टी ठोकलेली असते आणि तिच्यावर बारीक खिळ्यांची टोके वर आलेली असतात. ते खिळे चकचकीत असतील, तर ओल नवी आहे किंवा केवळ हवेतली आहे. ते काळे पडून गंजले असतील, लाकडाला तपकिरी लाटा आल्या असतील, तर पाणी जमिनीपर्यंत आलेले आहे आणि बहुधा एकदाच आलेले नाही. २०२२ च्या वसंतात 'नुकतेच नवे केलेले' तळघर म्हटले की मला सप्टेंबर २०२१ आठवतो. आयडा वादळाच्या पावसाने त्या महिन्याच्या पहिल्या रात्री न्यू जर्सीत असंख्य तळघरे बुडाली होती. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरू लागते, आणि त्या दिवसांत अनेकांनी घाईने वरवरची डागडुजी करून घेतली होती. तुमच्या घराचे तसेच झाले असेल असे मी म्हणत नाही, पण खिळे पाहा. कार्पेटखाली ९ इंच बाय ९ इंचांच्या जुन्या फरश्या दिसल्या तर त्या उकरू नका; १९६४ च्या घरात त्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासात गेल्यास फुफ्फुसांना घातक असलेले तंतू) असू शकते आणि हात लावण्याआधी नमुना तपासून घ्यावा लागतो.

भट्टीच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राच्या, खोलीत भिंत उघडी असेल तर तिथे पांढरी भुकटी दिसते का पाहा. ती पुष्कळदा बुरशी नसून लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, असतो. पाण्याचा फवारा मारल्यावर लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच राहते. पण लोणा धरला आहे याचाच अर्थ भिंतीतून पाणी झिरपते आहे. त्याच उघड्या भिंतीवर हातभर ॲल्युमिनियमचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. ओल कागदाच्या मागे, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आली, तर पाणी बाहेरच्या मातीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब धरले, तर ते हवेतले आहे.

हवेतल्या ओलीबाबत आपल्या लोकांची एक चूक मी अगदी नेहमी पाहते, आणि ती चांगल्या सवयीतून होते. कुबट वास आला की आपण खिडक्या उघडतो. पुण्यात किंवा चिपळूणला उन्हाळ्यात हे बरोबरच आहे. न्यू जर्सीच्या जुलैमध्ये मात्र बाहेरची ३० अंश सेल्सिअसची, ६५ टक्के आर्द्रतेची हवा साधारण २३ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातले पाणी सुटू लागते, आणि तळघराच्या जमिनीत गाडलेल्या भिंती बहुधा त्याहूनही थंड असतात. म्हणजे खिडकी उघडून तुम्ही पाणीच आत आणता. उन्हाळाभर तळघराच्या खिडक्या बंद ठेवा आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारे यंत्र, लावा. त्याची नळी थेट मोरीत सोडा, म्हणजे बादली रिकामी करायची राहून जाणार नाही. दहा-पंधरा डॉलरांचा आर्द्रता मोजणारा काटा आणा. तो ६० टक्क्यांच्या खाली राहायलाच हवा, ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर उत्तम. वास घालवण्यासाठी खाली धूप, उदबत्ती किंवा कापूर लावू नका. दमा असलेल्या मुलाला तो धूर निराळाच त्रास देतो.

बाहेरच्या पाण्याचे मूळ बहुतेक वेळा छपरावर असते. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६२३ गॅलन, म्हणजे २,३०० लिटरांहून जास्त पाणी खाली येते. पन्हळी पानांनी तुंबल्या असतील तर ते सगळे पागोळ्यांसारखे थेट पायाशी पडते. म्हणून पन्हळी साफ करा, त्यांचे खाली येणारे पाइप पायापासून निदान सहा फूट लांब न्या आणि घराभोवतीच्या मातीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्या. या तीन कामांना फार तर काही शे डॉलर लागतील. एवढे करूनही पाणी आले, तर मग आतून निचऱ्याची नळी आणि संप पंप (खड्ड्यात साचलेले पाणी बाहेर उपसणारा पंप) यांचा विचार करा, आणि पंप बसवलाच तर त्याला बॅटरीची जोड द्या, कारण मोठ्या पावसात वीजही जाते.

बुरशी काढण्याचे काम पाण्याची वाट बंद झाल्यावर. डागांचे एकूण क्षेत्र दहा चौरस फुटांपेक्षा कमी असेल, तर घरच्या धडधाकट माणसाने एन-९५ मास्क, हातमोजे आणि बंद चष्मा लावून ते करायला हरकत नाही. त्या वेळी आजी-आजोबा आणि मुलगा घराबाहेर असावेत आणि एअर कंडिशनिंगचा पंखा बंद असावा, कारण तळघरातली यंत्रणा तीच हवा वरच्या खोल्यांत ढकलते. ड्रायवॉल आणि कार्पेट पुसून स्वच्छ होत नाहीत. ते कापून, तिथल्या तिथे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मगच जिन्यावरून न्यावेत. काँक्रीट, धातू, काच साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडे करावे. कपाटामागचा डाग तळहाताएवढा असला तरी ड्रायवॉलच्या मागे तो केवढा आहे हे कापल्याशिवाय कळत नाही. क्षेत्र दहा चौरस फुटांहून मोठे निघाले, तर तिथेच थांबून व्यावसायिकाला बोलवा.

आजच सही करा म्हणणाऱ्या कंत्राटदाराला नम्रपणे नकार द्या. जो तपासतो त्यालाच काढण्याचे काम मिळणार असेल, तर त्याला डाग मोठाच दिसणार. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात २०१६ पासून कायद्यानेच ही दोन कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे दिली आहेत. तुम्ही न्यू जर्सीत असलात तरी तोच शिरस्ता पाळा. ज्याच्या लेखी अंदाजात पाणी कुठून येते हे पहिल्या ओळीत लिहिलेले नाही, त्याला काम देऊ नका. विम्याची कागदपत्रेही वाचा. मातीतून झिरपलेले पाणी घराच्या साध्या विम्यात सहसा बसत नाही.

आणि तळघर कोरडे झाले तरी सासू-सासऱ्यांना पुन्हा खाली पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहा. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची चाचणी झाली आहे का (४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा त्याहून जास्त आढळल्यास उपाय करावा लागतो), आणि आग लागली तर त्या खोलीतून माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी आहे का. जमिनीपासून डोक्याच्याही वर असलेली फूटभर उंचीची खिडकी ज्येष्ठ माणसांच्या उपयोगाची नाही.

सासूबाईंशी बोलायचे ते यजमानांनी बोलावे, तुम्ही नव्हे. 'आई, तुमच्या खोकल्यामुळे' अशी सुरुवात नको. 'आमच्या घराच्या बांधकामात दोष निघाला आहे, तो तुम्ही आल्यामुळे आमच्या लक्षात आला, आणि दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही वर राहा' असे सांगावे, कारण ते खरेच आहे. त्या खोलीत राहिल्या नसत्या तर तो वास तुम्हांला कदाचित दिवाळीपर्यंत कळलाही नसता, आणि मूल खाली खेळतच राहिले असते. त्यांना खाली स्वतःचे दार होते, हवे तेव्हा झोपता-उठता येत होते; वर आल्यावर ते जाऊ नये म्हणून सकाळी त्यांच्या दारावर टकटक करूनच आत जा आणि चहाचे सामान त्यांच्या हाताशी ठेवा. नातवाच्या गोष्टी त्याच खोलीत होऊ द्या. मात्र मुलाच्या डॉक्टरांची भेट होईपर्यंत झोपताना तो आपल्या अंथरुणावर असावा, म्हणजे वहीत दोघांच्या रात्री वेगवेगळ्या लिहिता येतील.

जिन्याखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत गणपतीची सजावट आणि सासूबाईंच्या दोन पैठण्या आहेत, असे तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिले आहे. खोकी आणि कापडी झालर टाकून द्या. पितळी समया, घंटा साबणाने धुऊन कोरड्या करा. पैठण्या मास्क लावून बाहेर डेकवर उघडा, सावलीत वाऱ्यावर ठेवा, मऊ ब्रशने एका दिशेने झटका आणि डाग असतील तर रेशमाचे काम जाणणाऱ्या ड्रायक्लीनरकडे द्या. घरी पाण्यात घालू नका. परत ठेवताना सुती कापडात गुंडाळून वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.